लुगडं, अनवाणी पाय आणि एकवीस किलोमीटर

जानेवारीचा तिसरा रविवार मुंबई मॅरेथॉनचा असतो. त्या दिवशीची अर्धी मॅरेथॉन, म्हणजे २१.०९७ किलोमीटर, मी नऊवारी लुगडं नेसून आणि अनवाणी धावले. मेहकरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघाले तेव्हा पिशवीत आत्याचं सुती लुगडं होतं, ज्वारीची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी होती. बूट नव्हते. गाडी समृद्धी महामार्गाला लागली, सिंदखेडराजाचा फाटा मागं पडला आणि मी पाय वर घेऊन बसले. तळवे दाबून पाहिले. चामडी जाड होती, पण वाळली नव्हती, आणि अशी चामडी तयार व्हायला वेळ जातो.

हे कशासाठी, असं मला घरात विचारलं, शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारलं, मुंबईत तर अनोळखी माणसांनीही विचारलं. त्याचं उत्तर लताबाई करे यांच्यापासून सुरू होतं.

लता भगवान करे. कुटुंब मूळचं आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं, पोटामागं बारामतीजवळच्या पिंपळीला जाऊन मजुरी करणारं. नवरा आजारी पडला, एमआरआय काढायला सांगितलं आणि त्याला पैसे नव्हते. २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत होती आणि पहिलं बक्षीस पाच हजार रुपये होतं. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढच्या दोन वर्षांतही त्याच जिंकल्या. नवीन देशबोइना या तेलंगणातल्या दिग्दर्शकानं त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपट काढला. त्यात लताबाईंनी स्वतःचीच भूमिका केली, आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

ही गोष्ट सांगताना लोकांचे डोळे भरून येतात. माझेही आले होते. पण तिच्यात दोन गोष्टी अशा आहेत, ज्या डोळे पुसल्यावर विचारायला हव्यात. पहिली अशी की या बाई जिंकल्या कशा? त्यांना कुणी प्रशिक्षक नव्हता, धावण्याचा सराव नव्हता, खुराक नव्हता. तरी तीन किलोमीटरात त्यांनी सगळ्यांना मागं टाकलं. म्हणजे त्यांच्या अंगात काहीतरी आधीच तयार होतं. आयुष्यभर चालून, वाकून, ओझं वाहून कमावलेलं ते कसब होतं. दुसरी गोष्ट कडू आहे. नवऱ्याच्या तपासणीसाठी साठीतल्या बाईला शर्यत जिंकावी लागते, ही कौतुकाची बाब नाही. पहिल्या गोष्टीचा मला अभिमान वाटतो आणि दुसरीचा राग येतो, आणि लताबाईंचं नाव घेताना दोन्ही बरोबरच येतात.

त्यांच्या अंगातलं ते कसब काय आहे, हे मला माझ्या शरीरावर समजून घ्यायचं होतं.

लुगड्यापासून सुरुवात केली. माझी आत्या मेहकर तालुक्यातल्याच एका खेड्यात राहते. सत्तरी उलटली तरी अजून निंदायला, हरभरा उपटायला वावरात जाते. तिनं मला समोर उभं केलं आणि नेसवायला घेतलं. गाठ नाभीखाली आवळली, निऱ्या बेताच्या घेतल्या, काष्टा मागं ओढून घट्ट खोचला आणि काठ पोटरीच्या निम्म्यावर आणला. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला गुंडाळला.

“रेशमाचं नको नेसू वं. सुताचंच घे. अन् ओचा ढिला रायला तं पायात येते.”

मी अंगणात धावून दाखवलं. गुडघा पूर्ण वर येत होता. दोन्ही पाय वेगवेगळे मोकळे होते आणि मांडीला मांडी घासत नव्हती, कारण मध्ये कापड होतं. लांब पल्ला धावणाऱ्यांना मांड्या सोलवटण्याचा त्रास फार होतो, त्यासाठी ते मलमं लावतात, चिकटपट्ट्या लावतात. नऊवारीत तो प्रश्नच आला नाही. वाकून, बसून, चिखलातून, बांधावरून उड्या मारत दिवसभर काम करायचं म्हणून हा कपडा असा घडला आहे. मुंबईच्या क्रांती साळवी सप्टेंबर २०१८ मध्ये बर्लिनची पूर्ण मॅरेथॉन नऊवारीत ३ तास ५७ मिनिटं ७ सेकंदांत धावल्या आणि साडीतल्या सर्वांत वेगवान मॅरेथॉनचा गिनेस विक्रम त्यांच्या नावावर लागला. हौशी धावपटूंना बूट आणि चड्डी घालूनही चार तासांच्या आत येणं जड जातं.

आत्याचा हात ओच्यावर होता तेव्हा तिनं खाली पाहिलं.

“अन् पायात?”

“काहीच नाही.”

“कायले? तुले पायतन नाई का?”

तिचा प्रश्न साधा होता, पण मला त्याचं उत्तर लगेच देता आलं नाही. आत्याच्या लहानपणी घरात बायांना चपला नव्हत्या. तुरीची धसकटं, सराटे, बाभळीचे काटे हे सगळं तिच्या टाचांत जाऊन आलं आहे. पहिली चप्पल मिळाली ती तिच्या लेखी मोठी गोष्ट होती, आणि आता भाची बूट असून उघड्या पायानं धावायला निघालेली. मी तिला इतकंच सांगितलं की मला माझे पाय ओळखायचे आहेत. तिनं मान हलवली, पटल्याची नव्हे, परवानगीची.

पाय ओळखायचे म्हणजे काय, ते सरावात कळत गेलं. माणसाच्या एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत. बुटाच्या जाड टाचेवर आपण टाच आपटत धावतो आणि तो दणका गुडघ्यापर्यंत जातो. अनवाणी धावताना टाच आपटली तर दुसऱ्याच पावलाला शरीर ती चूक दुरुस्त करतं. पाऊल आखूड पडतं, चवड्यावर पडतं, पोटरी धक्का झेलते. हार्वर्डचे डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘नेचर’मध्ये हेच मोजून दाखवलं. लहानपणापासून अनवाणी धावणारे केनियातले धावपटू बहुतेक वेळा चवड्यावर किंवा पावलाच्या मधल्या भागावर उतरतात, आणि टाचेवर उतरणाऱ्यांना पाऊल टेकताक्षणी जो झटका बसतो तो त्यांना जवळपास बसत नाही. गुबगुबीत टाचेचे धावण्याचे बूट १९७०च्या दशकापासूनचे. माणूस त्याच्या लाखो वर्षं आधीपासून धावतो आहे.

त्याहून मला भिडला तो २०१९चा अभ्यास, तोही ‘नेचर’मधलाच. अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्याचे घट्टे जाड असतात, म्हणून त्यांना जमीन कमी जाणवत असेल, असं आपण धरून चालतो. मोजल्यावर तसं निघालं नाही. घट्टा राखण करतो आणि स्पर्शही पोचवतो. बुटाची गादी स्पर्श मारून टाकते, घट्टा मारत नाही. आत्याच्या टाचा पाहून शहरातले नातेवाईक हळहळायचे, क्रीम आणून द्यायचे. त्या टाचांना अंधारात बांधावरून चालताना ओल कुठं आहे, मुरूम कुठं आहे, हे पावलागणिक कळतं. हे मी लहानपणापासून पाहत आले होते, पण त्याला ज्ञान म्हणायचं हे मला उशिरा सुचलं.

माझा सराव मेहकर-लोणार रस्त्यावर, सुलतानपूरच्या दिशेनं झाला. वाहनं सुरू व्हायच्या आत, पहाटे. आधी थोडं अंतर, मग पोटऱ्या दुखायच्या थांबेपर्यंत विसावा, मग आणखी थोडं. अनवाणी धावायला लागणाऱ्यांनी घाई केली तर पावलाच्या हाडांना बारीक चिरा जातात, म्हणून हे सावकाशच करायचं असतं. मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, तर करायचंच नसतं. खडी उघडी पडलेल्या डांबरावर तळवे भाजल्यासारखे होतात. रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा मात्र गुळगुळीत असतो, अनवाणी धावणारा तो पट्टा धरून धावतो. हरभऱ्याच्या वावरांवरून थंड वारा यायचा. दूध घालायला निघालेले लोक आधी थांबून पाहायचे, नंतर ओळखीनं हात करू लागले.

मुंबईच्या अर्ध्या मॅरेथॉनला नाव नोंदवायचं तर आधीच्या एखाद्या मोजलेल्या शर्यतीतली वेळ दाखवावी लागते. मेहकरात अशी शर्यत नाही. त्यासाठी मला आधी संभाजीनगर गाठावं लागलं होतं. जायचं भाडं, राहायची सोय, प्रवेशशुल्क, रविवारची सुट्टी. नोकरी असलेल्या मला हे जमलं. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

शर्यत माहीमच्या रेतीबंदरावरून अंधारातच सुटते. माझ्या आजूबाजूला हजारो पाय होते, रंगीत, चकाकणारे, फसफस आवाज करणारे बूट. क्रमांकाचा बिब पदराला चार पिनांनी टाचला होता. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर पायी जायला एरवी बंदी असते. त्या पहाटे तो धावणाऱ्यांचा असतो. सेतूवरचा रस्ता गार होता, सांध्यांमधलं लोखंड त्याहून गार. दोन्हीकडून समुद्राचा वारा येत होता, पण काष्टा घट्ट असल्यानं लुगड्यात हवा भरली नाही. मला तळव्यांतून सेतूची थरथर जाणवत होती. आजूबाजूच्या कुणाला ती जाणवत नसावी.

जपायचं असतं ते पाण्याच्या टेबलांपाशी. तिथं बाटल्यांची झाकणं सांडलेली असतात. बुटाखाली ती चुरडतात, उघड्या पायाला रुततात. साखरेच्या पाण्यानं रस्ता चिकट होतो. मी तिथं कडेला जाऊन चालत पाणी प्यायले आणि मग पुन्हा वेग धरला. वरळी, हाजी अली, मग पेडर रोडचा चढ. चढावर बूटवाल्यांचे श्वास फुलले होते. आखूड पावलं टाकायची सवय असलेल्या पायांना चढ बरा वाटतो, म्हणून तिथं मी बऱ्याच जणांना ओलांडलं. दुतर्फा उभे असलेले लोक “जय जिजाऊ” म्हणत होते, पोरी “ताई, ताई” करून ओरडत होत्या. आठवडाभरापूर्वीच १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊ जयंतीची गर्दी झाली होती आणि तिथंही कितीतरी मुली याच वेशात आल्या होत्या. मुंबईच्या त्या हाका ऐकताना मला घरचंच कुणी बोलावतंय असं वाटलं.

मरीन ड्राइव्हवर एक तरुण मुलगी माझ्या बरोबरीनं आली. धाप लागलेली, हसतमुख. तिनं विचारलं, “तुमची थीम काय आहे?”

तिचा प्रश्न स्वाभाविक होता. मुंबई मॅरेथॉनमधली ड्रीम रन वेशांसाठी प्रसिद्ध आहे. कुणी झाड होऊन येतं, कुणी फलक घेऊन, आणि तो उत्सव मला आवडतो. पण मी तिला म्हटलं की ही माझ्या आत्याची रोजची साडी आहे, ती हे नेसून वावरात जाते. पुढचा काही वेळ ती माझ्याबरोबर गप्प धावली आणि मग म्हणाली की तिची आजीही नेसायची. कोकणातली होती ती. शेवटची रेषा आम्ही दोघींनी मागंपुढं ओलांडली.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. शहरातल्या शर्यतीत जी हौस दिसते, ती आमच्याकडं कामाची रीत आहे. आणि ज्यांची ती रीत आहे, त्यांना कुणी धावपटू म्हणून मोजलेलं नाही.

हे आजचं नाही. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावत होती. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांच्या जवळ जात होत्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा हे पाहत होते, आणि त्यांच्या मनात भारतातून ऑलिंपिकला माणसं पाठवायची कल्पना तिथं आली. पुढच्या वर्षी, १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि १९वे आले. भारताची ऑलिंपिकची वाट अशी कुणब्यांच्या उघड्या पायांपासून निघाली. आज मुंबईच्या मॅरेथॉनच्या नावात टाटा आहे. त्या पोरांची नावं मात्र आपल्याला पाठ नाहीत.

पुढेही तेच. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी धावायची, कारण बूट परवडत नव्हते. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणलं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तिचा वेग अनवाणीपणामुळं वाढला की त्यावर मात करून, हे मला ठरवता येणार नाही. पण तिला बूट मिळाले आणि ती पुढं गेली, हे खरं आहे. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचंही तसंच. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये नवे बूट पायाला बसले नाहीत म्हणून तो अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत सुवर्ण जिंकला. जग त्या उघड्या पायांवर भाळलं. चार वर्षांनी टोकियोत त्यानं बूट घातले आणि त्याहून वेगानं धावून पुन्हा सुवर्ण जिंकलं.

म्हणून अनवाणीपणाची आरती मला नको आहे. त्यातली माझी निवड मला मोलाची वाटते, आणि निवड नसणं वाईट असतं. आपल्या देशात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं दगावतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यातली, आणि दंश बहुधा पायाला झालेला. घोणस वाळल्या पाल्यात दिसत नाही. अंकुशकृमी मातीतून तळव्याच्या कातडीवाटे शरीरात शिरतो आणि बायांचं रक्त कमी करतो. माझ्या तळव्याला खडी टोचली तेव्हा पुढं पाण्याचं टेबल होतं आणि रुग्णवाहिका होती. आत्याला वावरात काही टोचलं तर मेहकरचा दवाखाना गाठायला गाडी मिळायला हवी. मी मुंबईहून परतल्यावर तिला गमबूट आणून दिले. तिनं ते पहिल्या दिवशी ओसरीत ठेवले, दुसऱ्या दिवशी घातले. आता घालते.

उघड्या पायांचा मान कसा करायचा, हे मेहकरला चांगलं ठाऊक आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणारहून आमच्या गावात येते. रस्ते झाडून, सडा घालून, रांगोळ्या काढून लोक वाट पाहतात. शेकडो मैल चाललेल्या वारकऱ्यांचे पाय धुतात, चोळून देतात. लहानपणी मी ते पाणी पायावर घातलं आहे. तेव्हा हाताला लागलेले ते घट्टे मला अजून आठवतात. तसेच घट्टे असलेले पाय रोज सकाळी साडेसातला मजुरीच्या गाडीतून वावराकडं जातात. त्यांच्यासाठी कुणी रांगोळी काढत नाही.

म्हणून मेहकरकरांकडं माझं एक मागणं आहे. आपल्या गावात एक मोजलेली शर्यत भरवू या. मेहकर ते लोणार हे अंतर अर्ध्या मॅरेथॉनच्या आसपासचंच आहे. सुलतानपूरला वळसा धरून नीट मोजलं तर २१.०९७ बसवता येईल, सोबत तीन आणि पाच किलोमीटरचे टप्पे ठेवू. प्रवेशशुल्क नको. लुगड्यातल्या बाईला वेशभूषेच्या गटात बसवू नका, तिच्या वयाच्या गटात धावू द्या आणि तिच्या वेळेचा कागद तिच्या हातात द्या, म्हणजे उद्या तिला पुण्या-मुंबईच्या शर्यतीत नाव घालायचं झालं तर अडणार नाही. अनवाणी धावायचं की पायात घालून, हे तिचं तिनं ठरवावं. बक्षिसात गमबुटाचा एक जोड असावा आणि त्याच दिवशी धावणाऱ्या प्रत्येकीचं रक्त आणि साखर तपासली जावी, फुकट. दिवस होळीच्या आधीचा धरा, हरभरा सोंगून झालेला असतो, बायांना यायला सवड मिळेल. रस्ता मोजायला, पाण्याची टेबलं लावायला आणि गावोगाव जाऊन नावं गोळा करायला मी तयार आहे. पोलिसांची परवानगी, रुग्णवाहिका आणि डॉक्टर यांपैकी जे ज्याला जमेल, त्यानं ते अंगावर घ्यावं.